सातव्यातली रतीबा

"आठव्यातलं होतं ग ते, पोरी. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं राहत नाही. यात तुझा काय दोष?"

हे वाक्य रतीबा सव्वीस वर्षं म्हणत आली होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवायच्या काचपेट्यांच्या खोलीबाहेर, जिन्याच्या तोंडाशी एक लोखंडी बाक होता, त्यावर बसून. बाळ गेलं की डॉक्टर लबीब बापाला बाजूला घेई आणि कागदावर सही घेई. आईला सांगायचं काम रतीबाचं. कुणी तिला ते नेमून दिलं नव्हतं. घरात एखाद्याकडे रोज कडी लावायचं काम येऊन पडतं, तसं ते तिच्याकडे आलं आणि राहिलं.

महल्ला शहरात हे वाक्य सगळ्यांना आधीच ठाऊक असे. कापडगिरण्यांच्या त्या शहरात आणि भोवतालच्या भातशेतीच्या गावांत आयाबाया ते लहानपणापासून ऐकत. रतीबा फक्त ते योग्य वेळी, पांढऱ्या कपड्यांत, पाठीवर हात ठेवून म्हणे. मग सासू सुनेकडे बघायची थांबे. नवरा भिंतीवर डोकं आपटायचा थांबे. आई रडे, पण त्या रडण्यात स्वतःला ओरबाडणं नसे. वाक्य खोटं होतं हे रतीबाला पक्कं माहीत होतं.

तिच्याकडे त्याचा पुरावाही होता, आणि तो पुरावा म्हणजे ती स्वतः.

गिरणीच्या कामगारवस्तीत तिचा जन्म झाला तेव्हा तिच्या आईच्या वरातीला जेमतेम सात महिने झाले होते. आई सांगे, एवढीशी होतीस, उंदराच्या पिल्लाएवढी. बुटांच्या खोक्यात गिरणीचा कापूस घातला, त्यात तुला निजवलं आणि खोकं भाकरीच्या भट्टीशेजारी ठेवलं. गल्लीभर तिला 'सातव्यातली' म्हणत. वर्गात सगळ्यांत उंच, सगळ्यांत रुंद झाली तेव्हा तर जास्तच कौतुकाने. पुढे ती परिचारिका झाली, बाळं वजनाच्या काट्यावर ठेवू लागली आणि सातव्यातलं बाळ कसं असतं ते तिने पाहिलं. कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी, आतल्या शिरा दिसणारी. चोखायला शिकलेलं नाही. श्वास घ्यायला विसरणारं, तळव्याला टिचकी मारली की दचकून पुन्हा घेणारं. असलं बाळ भट्टीशेजारी एक दिवसही टिकलं नसतं.

आईच्या मयतीला आलेल्या मावशीला तिने विचारलं. मावशी काळ्या पदरात तोंड लपवून हसली होती. "खोकं? कुठल्या खोक्यात मावणार होतीस तू? साडेतीन किलोचा गोळा! तुझी आई तीन दिवस धड बसली नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "निकाह लावला हिवाळ्यात, वरात निघाली वसंतात. मधल्या काळात तुझा बाप आमच्या घरी रेडिओ दुरुस्त करायला यायचा. फार वेळा बिघडायचा ग आमचा रेडिओ."

रतीबा तेव्हा मयतीच्या घरात हसली होती. पण त्यानंतरही बाकावर बसून बायांना ती सांगतच राहिली, "मी सातव्यातलीच. बघा, आहे की नाही म्हशीसारखी?" काचेपलीकडच्या बाळाकडे आणि हिच्या दंडाकडे आळीपाळीने बघत बाया हसत. जी बाळं जगत त्यांच्या आयांना हे वाक्य पुढची कित्येक वर्षं पुरे.

फुफ्फुसाबद्दल तिला जे कळलं होतं ते ती नव्या मुलींना भाजीवाल्याच्या पिशवीवरून समजावून सांगे. "ओली प्लास्टिकची पिशवी आतून चिकटते. चोळली, फुंकली तरी उघडत नाही, हो ना? फुफ्फुसात अशा लाखो पिशव्या. त्या उघड्या राहाव्यात म्हणून आत एक फेस तयार होतो, साबणाच्या पाण्यासारखा. बोटं, नखं, पापण्या सगळं आधी होतं. फेस सगळ्यांत शेवटी. लवकर आलेल्याला तो नसतो. म्हणून ते प्रत्येक श्वासाला पहिल्या श्वासाएवढं झगडतं." एखादी मुलगी विचारी, "मग मिस, आठव्यातल्याला सातव्यातल्यापेक्षा फेस जास्त की कमी?" रतीबा तिच्याकडे बघे आणि म्हणे, "जास्त. आणि हे बाहेरच्या बाकावर बोलायचं नाही."

श्वास मोजणं हे तिचं खरं काम. पोटाकडे बघायचं, पूर्ण एक मिनिट. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, छातीच्या मध्याला खड्डा पडतो का, श्वास सोडताना मांजराच्या पिल्लासारखं कण्हतं का. घरीही तिने हेच केलं. तिचा नवरा अब्दुल शाफी कापूस पिंजायच्या खात्यात होता. शनिवारी त्याला सर्वांत जास्त धाप लागे, शुक्रवारच्या सुट्टीनंतरचा पहिला कापूस छातीत जाई म्हणून. ती शेजारी पडून त्याचं पोट मोजे. तो वैतागे, "मी काय तुझ्या पेटीतलं पोर आहे?" चोपन्नाव्या वर्षी तो गेला. मुलगा सामेह कुवेतला. त्याचा फोनवर आवाज आला की बोलण्याआधी ती त्याचा श्वास ऐके.

हुवैदा तिच्या आयुष्यात आली ती तीन वर्षांपूर्वीच्या सरत्या हिवाळ्यात, रिकाम्या हातांनी. बाळ नवऱ्याच्या हातात होतं. रिफअत रंगाऱ्याच्या कारखान्यात कामाला, नखं कायमची निळी. साडेसात महिन्यांचं, चांगलं पावणेदोन किलोचं पोर. पण एकाही दवाखान्यात काचपेटी रिकामी नव्हती. पाच तास ते मागून आणलेल्या गाडीतून या दारातून त्या दारात फिरत होते. उसना आणलेला ऑक्सिजन तिसऱ्या दारी संपला. रिफअतने अंगातला स्वेटर काढून बाळावर घातला होता आणि स्वतः बनियनवर कुडकुडत उभा होता. रतीबाने तळवा हातात घेतला. बर्फातल्या माशासारखा गार.

दोन तासांनी ते गेलं. बाकावर हुवैदा होती, तिची सासू एतदाल होती, समोर बनियनवरचा रिफअत होता. सासू पुटपुटत होती, "मी म्हटलं होतं आधी त्या पुलाकडच्या दवाखान्यात जा..." रिफअत हातातल्या स्वेटरकडे बघत होता. बाळाला गारठ्याने मारलं, पाच तासांनी मारलं, असं यांना सांगायचं? आणि सांगून ते घरी जाऊन एकमेकांची तोंडं कशी बघणार? रतीबाने हुवैदाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आठव्यातलं होतं ग ते, पोरी."

एतदालचं पुटपुटणं तिथंच थांबलं. "आठव्यातलं," ती म्हणाली आणि कपाळाला हात लावला. रिफअतने स्वेटर अंगात चढवला. हुवैदाने विचारलं, "सातव्यात झालं असतं तर?"

"तर जगलं असतं कदाचित. मी नाही का जगले?"

एवढं बोलायची गरज नव्हती. पण पोरगी एकोणीस वर्षांची होती.

आता आश्विनातले दिवस होते. भातं निघाली होती आणि गावोगाव पेंढा पेटला होता. दर वर्षी या दिवसांत काळा ढग शहरावर येऊन बसे. वाळत घातलेल्या चादरींवर काजळी, पावाच्या कवचावर काजळी. खालच्या मजल्यावर वाफ द्यायची यंत्रं सकाळपासून घरघरत. तिथं रतीबाला ओळखीची पोरं भेटत. कधी काळी पेटीत राहून गेलेली, आता चार-पाच वर्षांची, खांदे उचलून श्वास घेणारी, वाक्य अर्ध्यात तोडून बोलणारी. आया त्यांना पुढे ढकलत, "मिसला सलाम कर. हिनंच तुला वाचवलं." पोर नाकावरच्या मुखवट्यातून घोगरं काही म्हणे.

बुधवारी सकाळी तीन नंबरच्या पेटीत एक नवं बाळ आलं. एक किलो दीडशे ग्रॅम. त्या खोलीत पेटीवर आईचं नाव लिहायची रीत, कारण बापांची नावं सारखीसारखी असत. पुरुषांना त्याचा संकोच वाटे. चारचौघांत बायकोचं नाव ऐकलं की ते इकडेतिकडे बघत. रतीबा मुद्दाम जिन्यात ओरडे.

"हुवैदाच्या मुलाचं कोण आहे? अहो, नाव घेतल्यानं झिजत नाही ते! हुवैदाचं कोण?"

निळ्या नखांचा एक हात वर झाला. मागून एतदाल आली, धापा टाकत, पण चेहरा फुललेला.

"ओळखलंस का, उम्म सामेह?" सामेहची आई म्हणून रतीबाला सगळे अशीच हाक मारत.

"ओळखलं, हाज्जा." रतीबाचे डोळे पेटीकडे गेले. पोट, बरगड्या, खड्डा. बाळ कण्हत होतं. नाकात नळ्या घातल्या होत्या आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडबुडत होतं. "फुफ्फुसाची इंजेक्शनं दिली होती का आईला? बाळंतपणाआधी, बारा-बारा तासांनी?"

रिफअत आईकडे बघू लागला.

"कसली इंजेक्शनं न् कसलं काय!" एतदाल बाकावर ऐसपैस बसली. "शनिवारी कळा सुरू झाल्या. नेली दवाखान्यात. तिथला तो कोवळा डॉक्टर म्हणतो, सलाईन लावतो, कळा थांबवतो, देवाच्या मनात असेल तर अजून महिनाभर आत धरून ठेवू. महिनाभर! म्हणजे बाळ नेऊन कुठं ठेवणार? थेट आठव्यात! मी म्हटलं, लेका, तुला मिशा कधी फुटल्या? माझा एक नातू आठव्यानं खाल्लाय, दुसरा पण वाढू का ताटात?"

"मग?"

"मग काय, रिफअतनं सही केली. आमच्या जबाबदारीवर घरी आणली. सातवा सरायला पाच दिवस उरलेले. दालचिनी उकळून पाजली, पेल्यावर पेले. जिना चढायला लावला. मी म्हटलं, बस कर, तर पोरगीच म्हणते, अम्मा, अजून एकदा चढते. पाय सुजले तिचे, पण चढली. आणि बघ! सातवा सरायला एक दिवस असताना पोरगा बाहेर!" तिने एक बोट रतीबाच्या नाकासमोर धरलं. "एक दिवस, उम्म सामेह! आम्ही त्याला आठव्यात पडू दिलं नाही. तुझेच उपकार. त्या दिवशी तू बोलली नसतीस तर आम्हाला काय कळणार होतं?"

रिफअत प्रथमच बोलला. "हुवैदा विचारत होती, मिस रतीबा अजून तिथंच आहेत ना. आहेत म्हटल्यावर मग शांत झोपली."

रतीबा म्हणाली, "हात धुऊन येते." ती कोपरापर्यंत हात धुऊन आली. मग बाळाच्या गालावरची चिकटपट्टी नीट केली, जी नीटच होती, आणि पुन्हा हात धुवायला गेली.

फुफ्फुसात सोडायचं औषध तांता शहरातून आणावं लागलं. रिफअत गेला, बाटली ठेवलेला बर्फाचा डबा छातीशी धरून मायक्रोबसमधून उभ्याउभ्या आला. औषध दिल्यावर दोन दिवस बरे गेले. खड्डा कमी झाला, कण्हणं थांबलं. एतदालने नजर लागू नये म्हणून पेटीच्या काचेला निळा मणी चिकटवला. रतीबा या दोन दिवसांत घरी फक्त कपडे बदलायला गेली. डॉक्टर लबीब तिला म्हणाला, "उम्म सामेह, घरी जा. नाहीतर चार नंबरची पेटी तुझ्यासाठी मोकळी करावी लागेल. मोठी नळी कुठून आणू मी?"

ती हसली नाही. "डॉक्टर, याला अजून चार आठवडे आत मिळाले असते तर? आणि ती इंजेक्शनं?"

"तर हा इथं कशाला असता? पोटात अंगठा चोखत पडला असता. आणि आला असता तरी आठवडाभर दूध पिऊन घरी." लबीबने चष्मा वर केला. "हे तू मला विचारतेस? नव्या पोरींना तूच शिकवतेस की."

"उगाच विचारलं."

शुक्रवारी हुवैदा आली. चालवत नव्हतं, रिफअतच्या खांद्यावर भार टाकून जिना चढली होती. एक ते दोन भेटीची वेळ. आयांना आत सोडत नसत, काचेतून बघायचं. तिने दुधाची छोटी, बिनसुईची पिचकारी रुमालात गुंडाळून आणली होती. चार थेंब पिवळं दूध.

"मिस, तुम्हीसुद्धा एवढ्याच होतात?"

रतीबाच्या हातात पिचकारी होती. बाकावर अजून तीन बाया होत्या. तिघींनी माना वळवल्या, कारण हे उत्तर त्यांनाही हवं होतं. बाटलीतले बुडबुडे दाराआडून ऐकू येत होते. सांगायचं तर आत्ता, असं तिला वाटलं. पण आत्ता सांगून त्या पोराच्या फुफ्फुसात फेस थोडाच येणार होता? आणि ही पोरगी उद्यापासून दूध काढेल का?

"किती वेळा काढतेस?" रतीबाने विचारलं. "दर तीन तासांनी काढ. आटू देऊ नकोस. मेथीचं पाणी पी."

"पण एवढ्याच होतात ना?"

"जा, बस जरा. टाके दुखतील."

हुवैदाला ते होकारासारखंच वाटलं. ती काचेला कपाळ टेकून बराच वेळ आतल्याशी बोलत राहिली. "ऐकलंस? मिसलाही असंच झालं होतं. मिस बघ केवढ्या झाल्या."

रविवारी सकाळी बाळाचं डावं फुफ्फुस फुटलं. दाबाच्या हवेने चिकटलेल्या पिशव्या उघडताना कुठंतरी एक फाटते, तसं. लबीबने बरगडीतून सुई घालून अडकलेली हवा काढली, नळी बसवली, श्वासाचं मोठं यंत्र जोडलं. रतीबाने बाळाचं डोकं आपल्या दोन बोटांत धरून ठेवलं. आता श्वास मोजण्यात अर्थ नव्हता, ते श्वास यंत्राचे होते. तरी तिने मोजले. चाळीस, चाळीस, चाळीस. बाळ काही दोन बोटांमधून हललं नाही. बाराच्या सुमारास हृदयाचे ठोके साठावर आले, मग पन्नासावर. लबीब अंगठ्याने छाती दाबत राहिला. साडेबाराला त्याने हात काढला.

रतीबाने बाळाला पुसलं. कापडात गुंडाळलं. काचेवरचा निळा मणी नखाने खरवडून काढला आणि खिशात टाकला.

लबीब रिफअतला घेऊन खिडकीपाशी गेला. भेटीची वेळ व्हायला आली होती. हुवैदा बाकावर बसली होती, रुमालातली पिचकारी हातात, आज तिच्यात पिवळं नव्हे, चांगलं पांढरं दूध होतं. एतदाल शेजारी. खिडकीपाशी रिफअतचे खांदे वाकले ते दोघींनी पाहिलं. एतदालने तोंडावर पदर धरला आणि पदराखालून एक लांब सूर निघाला.

रतीबा बाकावर बसली. नेहमीच्या जागी. हुवैदाच्या पाठीवर हात ठेवला. पोरगी रडत नव्हती. ती बोटांवर मोजत होती, एकेक पेर दाबत, ओठ हलवत.

"मिस," ती म्हणाली, "सातव्यातला होता ना?"

एतदालचा सूर थांबला.

"मी रोज मोजत होते. खडूनं दारामागं रेघा मारल्यात. सातवा सरायला एक दिवस होता. सातव्यातलं जगतं म्हणालात ना तुम्ही? तुमच्यासारखं?" ती पुन्हा पेरांवर आली. "का माझं चुकलं? आधीच लागला होता का आठवा? पहिल्या महिन्यात मला नीट कळलं नव्हतं, एखादा आठवडा मागंपुढं झाला असेल. झाला असेल ना?"

"झाला असेल ग बाई," एतदाल कुजबुजली. "झालाच असेल."

"मिस, तुम्ही सांगा. लागला होता ना आठवा?" हुवैदाने तिचा हात धरला. चेहऱ्यावर एक भयंकर आशा होती. "मग पुढच्या वेळी मी चुकणार नाही. अजून आधी दालचिनी घेईन. सातव्याच्या सुरुवातीलाच. एक दिवससुद्धा थांबणार नाही. सांगा ना, मिस."

वाक्य रतीबाच्या जिभेवर आलेलंच होतं. सव्वीस वर्षं ते आपोआप येत असे, तसंच आलं. ते म्हटलं तर ही पोरगी आता हात सोडेल, रडेल, घरी जाईल, आणि पुढचं बाळ याच्याहूनही आधी या काचेमागे आणून ठेवेल. आणि ते नाही म्हटलं, दुसरं म्हटलं, तर ते असं असेल की तू जिना चढलीस, एकदा जास्तच चढलीस, माझं ऐकून. दुधाची पिचकारी हुवैदाच्या मांडीवरून घसरून फरशीवर पडली. कुणी ती उचलली नाही. बाकावरच्या बाकीच्या बाया रतीबाच्या तोंडाकडे बघत होत्या. खिडकीपाशी रिफअतही वळून बघत होता, निळी नखं गालांत रुतवून.



रतीबाने हुवैदाची बोटं आपल्या मनगटावरून एकेक करून सोडवली. उठली. खोलीतल्या रबरी चपला काढून फळीवर जोडीने ठेवल्या. खिशातला मणी एतदालच्या ओंजळीत ठेवला. आपले काळे बूट पायांत अडकवले, मागची बाजू न चढवता, आणि जिना उतरू लागली. मागून हुवैदाने दोनदा हाक मारली, "मिस! मिस!" खाली वाफेची यंत्रं घरघरत होती. मुखवटा लावलेल्या एका पोराला त्याच्या आईने पुढे ढकललं, "सलाम कर मिसला." रतीबा त्याच्या जवळून गेली, तिने काचेचं दार ढकललं आणि पेंढ्याच्या धुरात बाहेर पडली.